पन्नाशीत मोडी शिकले, त्याची हकिकत

फेब्रुवारीत मोडी या मराठीच्या जुन्या लिपीचं प्रमाणपत्र हातात आलं आणि तेव्हापासून बऱ्याचजणींनी विचारलं: वर्ग कुठे असतो, फी किती, आपल्याला या वयात जमेल का. प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं क्रमाने एकदाच लिहून ठेवते. मोडीत रस नसला तरी चाळिशी-पन्नाशीत काही नवं शिकायचं मनात असेल, तर यातलं थोडंफार उपयोगी पडावं.

सुरुवात २०२३च्या शेवटी झाली. कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. गावोगावची जुनी दप्तरं बाहेर निघत होती, त्यातली कितीतरी मोडीत होती आणि ती वाचणारी माणसं कमी पडत होती. रोज पेपरात त्याबद्दल काही ना काही यायचं. एका बातमीसोबत अशा कागदाचा फोटो होता. मी तो मोठा करून पाहिला. भाषा मराठी, म्हणजे माझी, आणि त्यातलं एक अक्षर मला ओळखता येईना. दीडदोनशे वर्षांपूर्वीचा एखादा साधा कारकून जे भराभर लिहून मोकळा व्हायचा, त्यापुढे मी निरक्षर होते. ती गोष्ट मनातून जाईना.

आमच्या घरात मोडीचा एकही कागद नाही. जमिनीचा वाद नाही, दाखल्याची गरज नाही. मी फोर्टातल्या एका कंपनीत हिशेब पाहते. त्यामुळे ‘मोडी शिकायची म्हणते’ असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कशासाठी? ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, पानाला किती मिळतात? मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, सर्टिफिकेट घेऊन काय करणार? दोघांनीही मनापासून विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायला पुढे मला भरपूर वेळ मिळाला.

जानेवारी २०२४मध्ये चौकशा केल्या. सरकारचं पुराभिलेख संचालनालय काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. या दप्तरखान्याची सुरुवात १८२१ सालची. माझ्या ऑफिसपासून ते चालत जाण्याच्या अंतरावर, आणि इतकी वर्षं मी त्या कमानींखालून नुसती ये-जा करत होते. संचालनालयही मोडीचे वर्ग घेतं. पण मला नोकरी सांभाळून जमेल असं शनिवारचं काही हवं होतं, म्हणून दादरच्या एका संस्थेचा वर्ग धरला. शनिवारी दुपारी ४ ते ६.३०, पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीपर्यंत, मग परीक्षा. फी २,५०० रुपये, त्यात छापील तक्ते आणि सरावाच्या कागदांच्या झेरॉक्स.

अर्जाला आधार कार्ड, दोन फोटो आणि दहावीची गुणपत्रिका लागत होती. इथे मी अडकले. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. प्रमाणपत्रावर कुठलं छापायचं, म्हणून नाव बदलल्याचा पुरावा आणा म्हणाले. आमचं लग्न १९९८चं आणि नोंदणी तेव्हा केलेली नाही. राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करायचा तर त्यात वेळ गेला असता. शेवटी प्रतिज्ञापत्रावर भागलं: लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकाच बाईचं आहे, असं मीच शपथेवर लिहून द्यायचं. १०० रुपयांचा स्टॅम्प पेपर, टायपिंग आणि नोटरी धरून ४५० रुपये, आणि ऑफिसातून अर्धा दिवस रजा. ऑक्टोबर २०२४मध्ये १००च्या जागी ५०० रुपयांचा स्टॅम्प झाला. तेव्हा कुठेही प्रवेशाला जाताना आधी विचारून घ्या की साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालेल का. बऱ्याच ठिकाणी चालतं.

कागद पुरे झाले तोवर तुकडी भरली होती. मागणीच तेवढी होती. माझं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. पुढची तुकडी मे महिन्यात निघेल म्हणाले, मग मुंबईत २० मेला लोकसभेचं मतदान आलं, शिकवणाऱ्यांपैकी एकांना निवडणुकीची ड्यूटी लागली आणि मुहूर्त जूनवर गेला.

या थांबण्याच्या महिन्यांत मी एक काम केलं, आणि आज मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. वही घेतलीच होती. तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं: ‘कधी न पाहिलेल्या कागदावरच्या पाच ओळी, तक्ता न उघडता आणि कुणाला न विचारता वाचता आल्या, म्हणजे मला मोडी आली.’ सलग पाच ओळी, बस. दहा लिहिल्या होत्या, त्या खोडून पाच केल्या, कारण पाच ओळी वाचणारी मी मला डोळ्यांपुढे दिसत होते. त्याखाली दुसरी ओळ लिहिली: ‘महिन्यातून एकदा तरी तोंडून आपसूक ‘अय्या’ निघालं पाहिजे. दोन महिने निघालं नाही तर वर्ग सोडायचा.’ पैसे, परीक्षेचे गुण, कुणाच्या पुढे किंवा मागे असणं, यांतलं काहीच त्या पानावर नव्हतं. कशासाठी शिकतेस, या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच होतं. कुणाला दाखवलं नाही, पण ते लिहिलेलं असल्यामुळे मी शांत होते.

८ जूनला पहिला वर्ग भरला. नुकताच मृग लागला होता, आणि सरांनी तिथूनच सुरुवात केली. जुन्या कागदांत शुहूर सन (त्या वेळची कालगणना) असतो आणि त्याचं नवं वर्ष मृगाला लागतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. पाऊस येणार, शेत पेरणार, वर्ष सुरू. माझी पहिली ‘अय्या’ पहिल्या पाच मिनिटांत निघाली.

त्या दिवशी अक्षर एकही शिकवलं नाही. सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, आधी रेघ, मग तिला अक्षरं टांगायची. बाळबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहून त्याच्यावर रेघ देतो. मोडी लिहिणारा ओळभर रेघ आधी मारून घ्यायचा आणि मग लेखणी न उचलता खाली लिहीत सुटायचा. म्हणून काना खालून वर जातो, वर रेघेला टेकला की तिथूनच पुढचं अक्षर निघतं. वेलांटी सगळीकडे दीर्घ, उकार सगळीकडे ह्रस्व. शाळेत ज्या ह्रस्व-दीर्घापायी माझे गुण जायचे, त्याचं इथे कुणाला सोयरसुतकच नव्हतं. शब्दांमध्ये जागा नाही, पूर्णविराम नाही. सगळी ओळ एका दमात.

एकेरी वहीवर नुसत्या रेघा आणि काने गिरवत पहिला आठवडा गेला. बोटं दुखली. कीबोर्डची सवय झालेल्या हाताला पेन धरून वळण देण्याची ताकद परत यायला जवळजवळ महिना लागतो, घाबरू नका. पेन साधं जेलचं चालतं. पुढे हौस म्हणून कापलेल्या निबाचं घेतलं, त्याने अक्षराचं जाड-बारीक अंग दिसतं आणि जुन्या कागदावरचा बोरूचा फटकारा कसा आला असेल ते हाताला कळतं. मोबाइलवर मोडी फाँट मिळतात, २०१४मध्ये ही लिपी युनिकोडमध्येही आली. पण छापील मोडी वाचता आली म्हणून हातची येत नाही. सुरुवातीपासून हस्ताक्षरच वाचा.

वर्गात सगळ्या तऱ्हेची माणसं होती. जमिनीच्या दाव्यांत मोडी कागद हाताळावे लागणाऱ्या एक वकीलबाई, रायगडकडच्या एका सरकारी कचेरीतले कारकून, इतिहासात एमए करणाऱ्या दोन मुली, निवृत्त हवालदार. आणि आजोबांबरोबर येणारा सहावीतला एक मुलगा. आम्ही मोठे सगळे खाली माना घालून उतरवून घ्यायचो. तो मात्र हात वर करून विचारायचा. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी त्याने विचारलं, ‘सर, शब्द तोडलेच नाहीत तर वाचणाऱ्याला कळायचं कसं, कुठला कुठे संपला?’ मलाही अगदी हेच विचारायचं होतं. वर्गातल्या सगळ्यांनाच असणार, कारण सगळ्यांची पेनं थांबली.

सर खूश झाले. म्हणाले, त्याला कळायचं, कारण पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असायचं. पत्र ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ असं सुरू होणार, अमके गोसावी यांसी येणार, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून संपणार. मधला मजकूर तेवढा नवा. मग त्यांनी एक पत्र दिलं आणि पहिली-शेवटची ओळच शोधायला सांगितली. ती ठरावीक वाक्यं एकदा ओळखीची झाली की त्यांतली अक्षरं हाती लागतात, आणि त्या अक्षरांच्या आधारे मधला मजकूर उलगडू लागतो. वर्षभरात मिळालेल्या सगळ्या युक्त्यांत ही सगळ्यात कामाची, आणि ती त्या मुलाने विचारलं म्हणून मिळाली. त्यानंतर मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसायला लागले आणि मनात येईल ते विचारायला लागले. तक्त्यात अक्षरं या क्रमाने का? मुक्कामाला मु॥ असं आखडून लिहिण्याची सुरुवात कुणी केली? काहींना उत्तर होतं, काहींना नव्हतं, आणि नसलं की सर तसं सांगायचे.

जुलैत सनांचे आकडे आले. शुहूर सनात आकडा लिहीत नाहीत, अरबी शब्दांत सांगतात: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. ते तोंडपाठ हवेत, नाहीतर तारीख लागत नाही. मी भांडुपहून दादरला जाताना गाडीत तेच पुटपुटत होते. शेजारी बसलेल्या बाई जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘दीदी, ये तो अरबी गिनती है ना?’ मी वही दाखवली, मोडी, पेशव्यांच्या वेळचे कागद, सगळं सांगितलं. त्यांनी लहानपणी मदरशात शिकलेले आकडे म्हणून दाखवले. सलासा, अर्बा, खम्सा, सित्ता, सबा, समानिया. मी माझे म्हणायची, त्या त्यांचे. ‘सीत’ला त्या ‘सित्ता’ म्हणाल्या आणि दोघींनाही हसू आलं. विद्याविहारपर्यंत आमची दहापर्यंत उजळणी झाली, कुर्ल्याला त्या उतरून गेल्या. भटा-कारकुनांच्या दप्तरातले, मराठीच्या अंगवळणी पडून गेलेले हे शब्द त्या बाईंच्या ओठांवर जिवंत होते. मला तो सबंध दिवस फार आनंद झाला. आकडे त्यानंतर कधी चुकले नाहीत.

ऑगस्ट जड गेला. पावसामुळे एक वर्ग रद्द झाला आणि परत गेले तर मागचं अर्धं पुसलेलं. सुटी अक्षरं येत होती, पण एकमेकांना जोडली की त्यांचे चेहरे बदलायचे. वकीलबाई पानं उलटत होत्या आणि मी पहिलीतल्या मुलीसारखी एकेका अक्षरावर बोट ठेवून चालले होते. घरी येऊन वही उघडू नये असं वाटायचं. अशा एका रात्री शेवटचं पान काढून पाहिलं. त्यावर वेगाचं काही लिहिलेलं नव्हतं. पाच ओळी किती वेळात, ते मी ठरवलंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवसापासून रोज झोपण्यापूर्वी एकच ओळ, लागेल तेवढा वेळ, असं चालू केलं. कधी दहा मिनिटं लागली, कधी पाऊण तास. डोळ्यांना त्रास होत असेल तर कागदाची ए-थ्री आकारात मोठी झेरॉक्स काढा, किंवा फोटो काढून मोबाइलवर त्याचा काळेपणा वाढवा. फिक्या शाईतल्या वेलांट्या एकदम वर येतात.

ऑक्टोबरच्या मधल्या एका शनिवारी सरांनी प्रत्येकाला वेगळा कागद दिला. माझ्या वाट्याला कोकणातलं पत्र आलं. वरची रेघ सरळ, अक्षर बारीक पण स्वच्छ. मी तक्ता बॅगेत ठेवला. सुरुवातीचं ‘राजश्री’ सापडलं, नमस्कार सापडला. मग ‘बैल’. बैल म्हटल्यावर पुढचं ‘पाठविले ते पावले’ आपोआप उघडलं. पुढे भात होतं, खंडीचा हिशेब होता, गलबत होतं. तारीख लागली तेव्हा अंगावर काटा आला: छ (म्हणजे चंद्र, चांद्र तारीख) २० मोहरम, सन समान अशर मयातैन व अलफ. आठ, दहा, दोनशे, हजार. १२१८. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृग असेल तर ६००. म्हणजे १८१७, आणि त्या वर्षीचा मोहरम नोव्हेंबरात. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ची. नंतर पंधरवड्याच्या आत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. राज्य बुडत होतं त्याच महिन्यात खाली कोकणात कुणीतरी बसून लिहीत होतं की बैल पोचले, भात पाठवतो. शाळेत १८१७ हा सनावळीतला एक आकडा म्हणून पाठ केला होता. आता त्या वर्षातल्या एका माणसाची काळजी मला त्याच्या अक्षरात वाचता येत होती.

पाच ओळी झाल्या होत्या. मोजल्या तेव्हा कळलं. मी सरांना काही बोलले नाही, बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, परीक्षा झाली का? म्हटलं, माझी झाली.

संस्थेची परीक्षा नोव्हेंबरात होती, पण २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान आल्याने ती ८ डिसेंबरला, रविवारी गेली. तीन तास, १०० गुण, पास व्हायला ४०. मोडीतून बाळबोधीत दोन उतारे, बाळबोधीतून मोडीत एक, आणि लिपीच्या इतिहासावर छोटे प्रश्न. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाडपंत याला परंपरा मोडीचं श्रेय देते, बोरू कधीपर्यंत होता, असले. इतिहास शेवटी ठेवा, उतारे आधी सोडवा, कारण वेळ उताऱ्यांतच जातो. शब्द अडला तर जागा सोडून पुढे जा, तोच शब्द चार ओळींनी स्वच्छ लिहिलेला भेटतो. निकाल जानेवारीअखेर लागला. मला ५८. वकीलबाई वर्गात पहिल्या आल्या, त्यांच्याकडे आता कागद वाचायला येतात, आणि त्यांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं याचा मला आनंद आहे. प्रमाणपत्रावर नाव सासरचं, बरोबर छापलेलं, म्हणजे ते ४५० रुपयेही सार्थकी लागले. फी, प्रतिज्ञापत्र, पेनं, झेरॉक्स असा एकूण खर्च चार हजारांच्या आत बसला.

पत्र अजून पुरतं लागलेलं नाही. सहाव्या ओळीत भाताच्या बदल्यात काहीतरी पाठवायला सांगितलं आहे आणि तो शब्द सरांनाही लागेना. अक्षरं कळतात, अर्थ कळत नाही. मागच्या शनिवारी आम्ही वर्गातले पुन्हा भेटलो, तेव्हा मी तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. वकीलबाई म्हणाल्या मिठाचा प्रकार असेल. तो सहावीतला मुलगा बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, गलबत आहे ना, मग सुक्या मासळीचं नाव असणार. सरांनी मान डोलावली, म्हणाले, विचारायला हरकत काय. शब्द चिठ्ठीवर बाळबोधीत उतरवून घेतला आहे. उद्या सकाळी बाजारात आमच्या नेहमीच्या कोळीणमावशींना दाखवणार आहे, त्यांना नाही कळला तर त्यांच्या सासूबाईंना.